बूट शेवटच्या प्रकरणात

सगुण पुंडलिक वळवईकर यांच्या अकरा कादंबऱ्या
मी चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत वाचून काढल्या,
सांखळीच्या बाजारात, आमच्या पसऱ्याच्या गल्ल्यावर बसून,
जिथं आता मोबाइलची कव्हरं विकतो मी
आणि आजोबा विकायचे उकडे तांदूळ, सुकी सुंगटं, रॉकेल.

मुलगा एकच. कधी तो सोनू, कधी विठोबा, कधी पुरसो.
बाप नदीत गेलेला,
आई दुसऱ्याच्या कुळागरात सुपाऱ्या सोलणारी.
पंचविसाव्या पानाच्या आत त्याला पाकीट सापडतं.
तो ते परत करतो.
पाकीट नेहमी खाणवाल्या शेटचंच,
शेट मोटारीतून उतरतो, मुलाचं अक्षर बघतो,
म्हणतो, हे तर मोती!
आणि दीडशे पानांनंतर मुलाची स्वतःची बार्ज असते.
बूट मात्र शेवटच्या प्रकरणातच.
वळवईकर त्याबाबतीत फार कडक.

मी हसलो. हसण्यासारखंच आहे.
योगायोगांना इतकं राबवून घेतलेलं
मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

मागच्या पुठ्ठ्यावर लेखक आहेत.
कोट फोटोवाल्याचा
(म्हापशाच्या त्या स्टुडिओतला तोच कोट
आमच्या नात्यातल्या तीन नवरदेवांच्या अंगावर आहे),
फोटो छातीपर्यंत.
पायांत काय होतं, ते छपाईत आलेलं नाही.

मग माळा आवरताना वही सापडली,
लाल कापडाची, उधारीची.
आजोबांना आकडे यायचे, अक्षरं नाहीत.
वही लिहायला त्यांनी मास्तर ठेवले होते,
संध्याकाळी एक तास,
मोबदला दिव्यापुरतं तेल.
म्हणजे अख्ख्या बाजाराचं देणं
मोत्यांसारख्या अक्षरात उतरलंय,
आणि चौतिसाव्या पानापासून त्यांचं स्वतःचं.

सगुण वळवईकर. तांदूळ एक पायली. बाकी.
सगुण वळवईकर. विडी, काडेपेटी. बाकी.
सगुण वळवईकर. कोरा कागद, एक दस्ता. बाकी.

दस्त्यांच्या तारखा मी कादंबऱ्यांच्या सालांशी ताडून पाहिल्या.
सातवीत विठोबा बार्ज विकत घेतो,
त्या आठवड्यात बाकी साठ रुपये.
मग सरकारनं नाणं बदललं: तीनशे साठ एस्कुद.
मग सरकारच गेलं, पुन्हा रुपये, या वेळी आपले,
आणि हिशेबात अर्धा रुपया लोंबकळत होता
तो मास्तरांनी वर धरलाय.
स्वतःच्या विरुद्ध.
बघायला कुणी नव्हतं. आजोबांना वाचता येत नव्हतं.
पाकीट रोज संध्याकाळी सापडत होतं,
रोज परत केलं जात होतं,
आणि बाजारात एकही मोटार थांबली नाही.

आठव्या कादंबरीत एक दुकानदार आहे,
कानांत केस असलेला, गरिबाला वजनात मारणारा.
शेवटी पश्चात्ताप होऊन तो वहीचं पान फाडतो.
आजोबांच्या कानांत केस होते.
मास्तर दुपारी त्यांना नवं प्रकरण वाचून दाखवायचे म्हणे,
आणि आजोबा मांडीवर थाप मारून विचारायचे,
हा चोर कुठला, डिचोलीचा काय?

मी पानं मोजली. दोनशे. एकही फाटलेलं नाही.
तांदूळही कुठं थांबलेले दिसत नाहीत,
पण त्यावरून मला आजोबांना देव करायचा नाही;
त्यांच्या तराजूचं मला काही ठाऊक नाही.

बारावी कादंबरी नाही.
वहीतली शेवटची नोंद दुसऱ्या हाताची,
अक्षरं ओळ सोडून वर चढलेली,
साठीत कुणी शिकवावीत तशी:
मासतर. शाई १ बाटली.

पुढं रक्कम नाही.
बाकी लिहिलेलं नाही.